एगनॉग, जायफळ आणि आजी

दर डिसेंबरात आमच्या प्रोजेक्टमध्ये शेवटचे दोन आठवडे कोड फ्रीझ असतो. क्लायंट अमेरिकेत सुट्टीवर, प्रॉडक्शनला हात लावायचा नाही, आणि आम्ही इकडे पुण्यात मेलबॉक्स रिफ्रेश करत बसायचं. २०२४ च्या डिसेंबरात म्हटलं, पुरे झालं. सॅक उचलली आणि आजीकडे तळीयेला गेलो.

आमच्यासारखी मुंबई-पुण्याची माणसं गावाला जातात ती गणपतीत आणि शिमग्यात. नाताळात कोणी जात नाही. त्यामुळे आजीचा पहिला प्रश्न, "नोकरी गेली का रे?" नाही गं आजी, साहेबांचा सण आहे, म्हणून सांगितलं. मग साहेब लोक सणाला काय करतात, काय खातात, अशी चौकशी सुरू झाली आणि मी बोलता बोलता एगनॉग म्हणून गेलो. आमचा ऑनसाइट लीड दरवर्षी त्याचे फोटो पाठवतो. दूध, साखर, अंड्याचा बलक, वर जायफळ, आत रम. आजी म्हणाली, "म्हणजे मसाला दूधच. अंडं कशाला घालतात मेले?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला म्हणून बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या. (गावात नेटवर्क फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात येतं. थंडीत शाल घेऊन तिथे उभं राहून इतिहास वाचणं हा वेगळाच अनुभव आहे.)

तर एगनॉगचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधलं पॉसेट. गरम दुधात वाइन किंवा एल ओतायची, दूध फाटतं, त्यात मसाला घालायचा आणि थंडीत प्यायचं. शेक्सपिअरच्या नाटकात लेडी मॅकबेथ पहारेकऱ्यांच्या पॉसेटमध्ये गुंगीचं औषध घालते, ते हेच. दूध, अंडी आणि परदेशी मसाला एकत्र परवडायचा तो बड्या घरांनाच. मग ही माणसं अमेरिकेत गेली. तिथे शेतावर गाई होत्या, कोंबड्या होत्या आणि कॅरिबियन बेटांवरून स्वस्त रम येत होती. श्रीमंतांचं पेय असं शेतकऱ्यांच्या घरात आलं. एगनॉग हा शब्द १७७५ च्या आसपास तिकडेच पहिल्यांदा सापडतो. त्यातलं 'नॉग' कुठून आलं यावर अजून भांडणं आहेत. कोणी म्हणतं नॉरफोकची कडक बिअर, कोणी म्हणतं लाकडी पेला.

एगनॉगवरून चक्क दंगलही झाली आहे. १८२६ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दारूबंदी असताना कॅडेट्सनी नाताळच्या रात्री चोरून व्हिस्की आणली, एगनॉग केलं आणि सकाळपर्यंत बराकींच्या खिडक्या फोडल्या. वीस कॅडेट्सचं कोर्ट मार्शल झालं. पुढे अमेरिकन यादवीत दक्षिणेचा अध्यक्ष झालेला जेफरसन डेव्हिसही त्या रात्री त्यात होता, पण वाचला. आपली होस्टेलं बरी म्हणायची :)

इथपर्यंत सगळं तिकडचं. मला हवा होता आपल्याकडचा धागा, आणि तो सापडलाय असं मला वाटलं. 'पंच' हा इंग्रजी पेयाचा शब्द आपल्या 'पाच'वरून आला, हा फॉरवर्ड तुम्हालाही कधीतरी आला असेल. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला असे पाच घटक. गंमत म्हणजे हा फॉरवर्ड हवेतला नाही. डॉ. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार या पट्ट्यात फिरला. १६९८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानेच हे लिहून ठेवलंय की या पेयाचं नाव इथल्या 'पाच'वरून पडलं.

मी जाम खूश झालो. पण फ्रायर हिंदुस्थानात येण्याआधी चाळीस वर्षं, १६३२ च्या कंपनीच्या एका पत्रातही 'पंच' आहे, आणि जुन्या कृतींमध्ये घटक पाचच असतात असं नाही. शिवाय 'पाच'मधला लांब 'आ' इंग्रजीत आखूड कसा झाला, ही भाषेच्या अभ्यासकांची शंका आहे. पंचन म्हणजे मोठं पिंप, त्यावरून शब्द आला असं दुसरा पक्ष म्हणतो. म्हणजे केस ओपन आहे. इतकी वर्षं बग रिपोर्ट वाचून मला एवढं कळलंय की आपल्याला आवडणारं रूट कॉज सापडलं की दोनदा तपासावं. एगनॉग आपलं होतं असा दावा तर करताच येणार नाही. पॉसेटचा उगम तिकडचाच आहे.

पण फ्रायरने दुसरं एक बक्षीस दिलं. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील आला होता, त्याची हकीकत फ्रायरच्या पुस्तकात आहे. म्हणजे आमच्याच महाड तालुक्यातली. ही मंडळी रायगडावर आणि पायथ्याशी पाचाडला सुमारे महिनाभर होती आणि त्यांना रोज बकऱ्याचं मटण लागायचं. मटण पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी गड चढून वर आला, कशाला, तर या लोकांना नुसतं बघायला. इतक्या वर्षांत सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून घेतलं नव्हतं तेवढं मटण या मूठभर माणसांनी एका महिन्यात खाल्लं होतं! हे आजीला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ हसत होती. "गड चढून गेला बिचारा," एवढंच परत परत.

आता जायफळ. एगनॉगमधली खरी लांबचा प्रवास केलेली वस्तू ही. त्या काळात जगातलं सगळं जायफळ इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरून यायचं. १६२१ मध्ये डचांनी तिथे इतकी कत्तल केली की मूळची वस्ती जवळजवळ संपली. त्यातलं रन नावाचं बेट इंग्रजांकडे असल्याचा दावा होता. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिलं आणि इंग्रजांकडे राहिलं मॅनहटन. त्याच डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, १६३७ पासून. आज कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाची झाडं दिसतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या जाती काढल्यात. आपण श्रीखंडात, पुरणात ते किसून घालतो आणि बाळाला गुटीत उगाळून देतो. बांदाची कत्तल आपल्याला कोणी शाळेत शिकवत नाही.

आजीकडचं जायफळ नवीन होतं, सहाणही नवीन. जुनी सहाण तिच्या भावाकडे होती.

तळीये म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. २२ जुलै २०२१ ला कोंढाळकरवाडीवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि वाचलेल्यांनी पुढची काही वर्षं कंटेनरच्या घरांत काढली. आजीची वाडी वाचली. तिचं माहेर राहिलं नाही. मी तिला विचारलं, तुमच्याकडे थंडीत दुधात अंडं कोणी घ्यायचं का? ती म्हणाली, तिचा भाऊ घ्यायचा. पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात गावठी अंडं फोडून, गूळ आणि थोडं जायफळ. कोणाकडून शिकला? बापाकडून की मुंबईच्या गिरणीतून की कुठल्या पारशी साहेबाकडून (पारशांकडे थंडीत दव खाल्लेल्या दुधाचा फेस काढून 'दूध ना पफ' करतात, त्यात जायफळ असतंच)? "त्यालाच ठाऊक," आजी म्हणाली. डच वखारीची तारीख मला अंगणात उभं राहून मिळाली. हे मात्र विचारायला आता कोणी नाही. २०२१ च्या आधी मी किती वेळा तिथे जाऊन चहा पिऊन आलो होतो, पण कधी विचारलं नाही.

असो.

२५ डिसेंबर, बुधवार. अडचण अशी की दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घट आणि उद्यापन. त्या दिवशी घरात अंड्याचं भांडंसुद्धा चालणार नाही. एगनॉग रात्रभर मुरवावं असं सगळ्या कृतींत लिहिलेलं असतं. आम्हाला मुरवायला वेळ नव्हता. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. चार गावठी अंड्यांचे बलक साखरेबरोबर फिके होईपर्यंत फेटले. अर्धा लिटर म्हशीचं दूध गरम करून थोडं थोडं त्यात ओतलं (उलटं केलंत तर गोड भुर्जी होते, पहिल्यांदा झाली), परत मंद आचेवर ढवळत राहिलो. कच्चं अंडं पिऊ नका, साल्मोनेलाचा धोका खरा आहे. मिश्रण ७१ अंशांपर्यंत जायला हवं. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या पाठीला पातळ थर चिकटला की उतरवा, उकळी अजिबात नको. म्हशीचं दूध असलं की क्रीमची गरज पडत नाही. रम मी फक्त माझ्या आणि मामाच्या ग्लासात घातली, आणि हो, महाराष्ट्रात कायद्याने त्याला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून.

आजीने बिनरमचं घेतलं. जायफळ तिनेच किसलं. दोन घोट प्याली, मग उरलेलं सगळं पिऊन टाकलं आणि रात्रीच सगळी भांडी राखेने घासून, चूल मोडून, पडवी सारवून घेतली.

"पुढच्या वेळी पौषात कर," म्हणाली. "आणि गूळ घाल."