हायड्रेंजियाची कुळकथा आणि मावळची माती

दसऱ्याच्या दिवशीं मावळांतील कोणत्याही खेड्यांत जावें, दारावर झेंडूचें तोरण दिसल्यावांचून राहणार नाहीं. हें फूल मूळचें मेक्सिकोकडचें, याची आठवण तोरण बांधणाऱ्यास नसते. आणि असण्याचें कारणही नाहीं. निशिगंध त्याच मुलखांतून आला आणि देवघरांत जाऊन बसला. मिरची व बटाटा यांची कथा तर याहून प्रसिद्ध आहे. परदेशी वनस्पती स्वदेशी केव्हां होते, आणि एखादी शंभर वर्षें दारांत उभी राहूनही पाहुणीच कां राहते, हा प्रश्न बागेपुरता लहान दिसला तरी त्यांत हवा, माती, पाणी आणि माणसाची गरज या चारही गोष्टींचा इतिहास गुंतलेला असतो. या प्रश्नाचा विचार करण्यास हायड्रेंजिया या फुलझाडाइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

उटकमंड किंवा दार्जिलिंग येथें जाऊन आलेल्या प्रवाशांनीं हायड्रेंजियाचे निळे-गुलाबी गेंद पाहिलेले असतात. परंतु या कुळाची दुसरी एक जात आहे. तिचा फुलोरा चेंडूसारखा वाटोळा नसून देवळाच्या शिखरासारखा खालीं रुंद व वर निमुळता होत जातो. वनस्पतिशास्त्रांत तिला ‘हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा’ म्हणतात. मराठींत तिला तुरेवाला हायड्रेंजिया म्हणण्यास हरकत नाहीं. तिचा तुरा प्रथम हिरवट, मग शुभ्र आणि रात्री गार होऊं लागल्या म्हणजे गुलाबी होतो. या तुऱ्यांत ज्या मोठ्या पाकळ्या दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. त्या वांझ फुलांचीं संदलें आहेत. बीज धरणारीं खरीं फुलें अगदीं बारीक असून त्यांच्या आड लपलेलीं असतात. मोठ्या फुलांचें काम किड्यांना बोलावण्याचें, संसार चालविण्याचें काम धाकट्यांचें.

‘हायड्रेंजिया’ हें नांव ग्रीक आहे. पाणी आणि पात्र या अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे, म्हणजे जलपात्र. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रोनोव्हियस यानें १७३९ सालीं उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या वनस्पतींचें वर्णन करतांना हें नांव योजिलें, आणि पुढें १७५३ मध्यें लिनियसनें तें कायम केलें. तिचें वाळलेलें बोंड लहानशा घागरीसारखें दिसतें, त्यावरून हें नांव पडलें. परंतु तें दुसऱ्या अर्थानेंही खरें ठरलें. पाणी तुटलें म्हणजे भर दुपारीं मान टाकणारें असें हें झाड आहे.

अमेरिकेंत नांव पडलें, तरी तुरेवाल्या जातीचें माहेर पूर्व आशियांत आहे. जपान, साखालिन बेट आणि चीनच्या दक्षिण व पूर्व भागांतील डोंगरउतारांवर ती आपोआप उगवते. जपानी लोक तिला ‘नोरी-उत्सुगी’ म्हणतात. ‘नोरी’ म्हणजे खळ. या झाडाच्या आंतल्या सालींतून चिकट द्रव निघतो आणि तो हातकागद करणारे कारागीर लगद्यांत मिसळीत आले. म्हणजे युरोपांत जिची कीर्ति फुलामुळें झाली, ती मायदेशीं आपल्या सालीमुळें घरोघर ठाऊक होती.

युरोपास तिची ओळख करून देणारा गृहस्थ फिलिप फ्रान्ट्स फॉन सीबोल्ट हा जर्मन वैद्य होय. त्याचा जन्म १७९६ सालचा. जपाननें त्या काळीं परकीयांस दार बंद केलें होतें. नागासाकीच्या बंदरांतील देजिमा नांवाच्या चिमुकल्या बेटावर फक्त डच व्यापाऱ्यांस राहण्याची मुभा होती. डचांच्या नोकरींत सीबोल्ट १८२३ मध्यें तेथें पोंचला. त्यानें रोग्यांवर उपचार केले, जपानी तरुणांस पाश्चात्य वैद्यक शिकविलें, आणि त्यांच्या साह्यानें हजारों वनस्पती गोळा केल्या. कुसुमोतो ताकी नांवाच्या जपानी स्त्रीशीं त्याचा संसार जुळला व १८२७ मध्यें त्यांस मुलगी झाली. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या सामानांत जपानचे नकाशे आढळले. परकीयाच्या हातीं नकाशा जाणें हा त्या राज्यांत मोठा अपराध होता. नकाशे देणारा जपानी अधिकारी तुरुंगांत मेला आणि १८२९ मध्यें सीबोल्टला हद्दपार करण्यांत आलें. ताकी व मुलगी मागें राहिल्या.

तुरेवाल्या हायड्रेंजियाचें शास्त्रीय वर्णन सीबोल्टच्या नांवावर प्रसिद्ध झालें, तें याच १८२९ सालीं. पुढें झुकारिनी या शास्त्रज्ञाच्या सहकार्यानें लिहिलेल्या जपानी वनस्पतींच्या ग्रंथांत त्यानें दुसऱ्या एका हायड्रेंजियाला ‘ओताक्सा’ असें नांव दिलें. तें ‘ओ-ताकी-सान’ या आदरार्थी हाकेचें रूप आहे, असें मानतात. दुरावलेल्या स्त्रीची आठवण अशा रीतीनें एका फुलावर राहिली. त्यांची मुलगी इने ही मोठी होऊन पाश्चात्य वैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या जपानच्या पहिल्या स्त्रियांत गणली गेली.

सीबोल्टनें हॉलंडांत लायडन येथें जपानी झाडांची बाग केली. तुरेवाल्या जातीचा ‘ग्रँडिफ्लोरा’ हा भरगच्च फुलोऱ्याचा प्रकार १८६० नंतरच्या दशकांत युरोपांत आला व तेथून अमेरिकेच्या अंगणांत पसरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेल्जममधील दे बेल्डर दांपत्यानें नवे वाण काढले, आणि त्यानंतर हॉलंडमधून निघालेला ‘लाइमलाइट’ हा लिंबोणी रंगाचा वाण जगभर लोकप्रिय झाला. हें यश मिळण्याचें कारण या झाडाचा काटकपणा होय. शून्याखालीं तीस अंशांपर्यंतची थंडी तें सोसतें. आणि फुलोरा नव्या फुटीवर धरीत असल्यामुळें जुनें लाकूड हिंवानें जळालें तरी हंगाम वांया जात नाहीं.

आतां ही कथा मावळाकडे वळते. सीबोल्ट जपानांत होता त्याच काळांत, १८२८ सालीं, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान स्थापन झालें. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावून पवन मावळांतून वाहणारी पवना दापोडीच्या परिसरांतच मुळेला मिळते. उर्से गांव याच पवनेच्या खोऱ्यांत, तळेगांव दाभाड्यांच्या दक्षिणेस वसलेलें आहे. म्हणजे पश्चिम हिंदुस्थानांत परदेशी रोपें लावून पाहण्याचा पहिल्या कांहीं पद्धतशीर प्रयोगांपैकीं एक प्रयोग उर्से गांवच्या नदीच्या शेवटच्या टप्प्यावर झाला.

दापोडीचें उद्यान शोभेसाठीं नव्हतें. औषधी व व्यापारी उपयोगाचीं झाडें दख्खनच्या हवेंत तगतात कीं नाहीं, हें तेथें पाहिलें जाई. १८३८ पासून अनेक वर्षें डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्यानें हें काम पाहिलें. १८४७ ते १८५० या काळांत त्यानें उद्यानांतील झाडांचीं सुमारें पावणेदोनशें रंगीत चित्रें काढून घेतलीं. तीं आज एडिनबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. मात्र तीं काढणाऱ्या चित्रकाराचें नांव कागदोपत्रीं उरलेलें नाहीं.

गिब्सनचें दुसरें कार्य अधिक मोलाचें आहे. कोंकणांत व घाटांत चाललेल्या बेसुमार जंगलतोडीमुळें झरे आटत आहेत, असा इशारा त्यानें सरकारास दिला. आणि १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. परदेशी रोपें जगविण्याचा ज्याचा व्यवसाय, त्याच्याच ध्यानांत प्रथम आलें कीं झाडाच्या आधीं पाण्याची काळजी केली पाहिजे. १८६५ मध्यें दापोडीचें उद्यान बंद झालें. १८७३ मध्यें गणेशखिंडीचें उद्यान सुरू झालें. आणि १८३० मध्यें स्थापन झालेल्या बागाईत-संस्थेनें पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची निगा पुढें आपल्याकडे घेतली. परदेशी फुलांची हौस पुणेकरांत रुजली ती या परंपरेमुळें.

मग झेंडूप्रमाणें हायड्रेंजियाचें कां झालें नाहीं? पहिलें कारण हवेचें. झेंडू बियांपासून एका हंगामांत फुलतो आणि मरतो. हायड्रेंजियाचें लाकूड वर्षानुवर्षें टिकतें. त्याला हिंवाळ्यांत पानें गाळून गाढ झोप घ्यावयाची असते. मावळांत डिसेंबर-जानेवारींत पहांटे हुडहुडी भरते खरी, पण ती थंडी त्याच्या मायदेशच्या बर्फापुढें कांहींच नव्हे. दुसरें कारण पाण्याचें. मावळांत पाऊस चार महिन्यांत कोसळतो. लोणावळ्यास तर वर्षाकांठीं सुमारें साडेचार हजार मिलिमीटर पडतो, आणि पूर्वेकडे सरकावें तसा तो झपाट्यानें कमी होतो. पुढें आठ महिने आभाळ कोरडें. भाताला हा ताल मानवतो; वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत निपजून १९८७ मध्यें प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ भात हा त्याचाच पुरावा. हायड्रेंजियाला मात्र मुळांशीं पाणी सांचलेलें खपत नाहीं आणि ओल तुटलेलीही सोसत नाहीं. तिसरें कारण माणसाच्या गरजेचें. झेंडूचा हार होतो, तोरण होतें. हायड्रेंजियाला वास नाहीं, त्याचें फूल ओंवतां येत नाहीं, आणि आपल्या कोणत्याही सणानें त्याला मागणी केलेली नाहीं.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मावळानें परदेशी फुलाला दुसऱ्या रीतीनें जागा दिली. तळेगांव दाभाडे येथें औद्योगिक महामंडळाचें पुष्पोद्यान उभें राहिलें आणि पवन मावळांत पॉलिहाऊसच्या पांढऱ्या छपरांखालीं गुलाबाची शेती वाढली. फेब्रुवारींतील व्हॅलेंटाईन दिनासाठीं मावळचा गुलाब हॉलंड व इंग्लंडपर्यंत विमानानें जाऊं लागला. ज्या देशानें जपानी झाडें युरोपांत नेलीं, त्याच देशाच्या बाजारांत मावळचा शेतकरी फूल विकूं लागला. पण छपराखालची ही शेती हवा बदलून घेऊं शकते. पाणी तिला नदीचेंच लागतें.

आणि पवनेचें पाणी हा या भागांत हौसेचा विषय राहिलेला नाहीं. १९७२ मध्यें पवना धरण झालें. नदीच्या कांठच्या शेतीबरोबरच पिंपरी-चिंचवडची वाढती वस्ती व कारखाने याच पाण्यावर पोसले गेले. धरणांतून शहराला बंद नळानें पाणी नेण्याची योजना निघाली, तेव्हां नदीचा प्रवाह आटून विहिरी व उपसा योजना कोरड्या पडतील, अशी धास्ती मावळच्या शेतकऱ्यांस वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर गांवाजवळ द्रुतगति मार्गावर आंदोलन झालें, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी प्राणांस मुकले. त्यांत एक स्त्री होती. उर्से गांवचा टोलनाका याच मार्गावर आहे. जेथें पाण्यासाठीं माणसें मेलीं, तेथें ‘जलपात्र’ नांवाचें फूल लावावयाचें तर त्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

हिशेब असा. शेताचें पीक म्हणून हें झाड या खोऱ्यांत घेणें शहाणपणाचें नाहीं. दारच्या एकदोन झाडांची हौस मात्र भागवितां येईल. त्यासाठीं घराची पूर्वेची बाजू निवडावी, म्हणजे सकाळचें ऊन मिळून दुपारची झळ टळेल. काळी चिकण माती टाळून तांबडी निचऱ्याची माती, शेणखत व पालापाचोळ्याचें खत मिसळून वाफा हातभर उंच करावा, म्हणजे आषाढांत मुळांशीं पाणी सांचणार नाहीं. नाहीं तर मोठ्या कुंडींत लावावें. पावसाळा सरतांच बुंध्याभोंवतीं पेंढ्याचें किंवा पानांचें जाड आच्छादन घालावें, पण तें खोडाला चिकटूं देऊं नये. रोज वरवर शिंपडण्यापेक्षां दोनतीन दिवसांआड आळें भरून पाणी द्यावें. तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी त्यास चालतें. छाटणी थंडी सरतां सरतां, नवी फूट निघण्यापूर्वीं करावी. मागील वर्षाच्या फांद्या दोनतीन डोळे राखून तोडाव्या. फूट निघाल्यावर छाटली तर त्या वर्षाचा फुलोराच जातो. नवें झाड कोंवळ्या फांदीच्या छाट कलमानें किंवा दाब कलमानें करतां येतें. गेंदवाल्या जातीचा रंग आंबट मातींत निळा होतो, तसा याचा होत नाहीं. त्यासाठीं औषधें घालण्याचा खर्च करूं नये. एवढें करूनही तुरे विलायती चित्रांतल्याएवढे येतील, अशी अपेक्षा धरूं नये. ज्या वर्षीं थंडी चांगली पडेल त्या वर्षीं फुलोरा बरा येईल, आणि उबदार वर्षीं झाड नुसतें पानांवर राहील.

दापोडीच्या उद्यानांत हीच परीक्षा चाले. रोप लावावें, दोन पावसाळे व दोन उन्हाळे त्याकडे पाहावें, जगलें तर वाढवावें, न जगलें तर कां जगलें नाहीं तें लिहून ठेवावें. पवन मावळांतील एखाद्या हौशी माळ्यानें उद्यां तुरेवाला हायड्रेंजिया लावलाच, तर त्यानें पाण्याच्या घागरी मोजाव्या आणि फुलांचे तुरेही मोजावे. दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे हें झाड पुढच्या वर्षीं ठेवावें, कीं तीच जागा झेंडूला द्यावी, हें त्याचें त्यालाच ठरवितां येईल.