पुसलेली नोंद

लिहिलेलें पुसून टाकणें ही गोष्ट लिहिण्याइतकीच जुनी आहे; पण तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. ताम्रपट कोणीं दिले, शिलालेख कोणीं कोरविले, हें आपण शाळेंतच शिकतों. कोणत्या नोंदी कोणीं, कां आणि कशा नाहींशा केल्या, याची चौकशी मात्र क्वचितच होते. आमच्या नवी मुंबईंत ऐरोलीपासून महाप्यापर्यंतच्या पट्ट्यांत आज मोठमोठीं डेटा सेंटरें उभीं आहेत. बाहेरून पाहणाराला तीं गोदामांसारखीं दिसतात. आंत असंख्य घरांच्या नोंदी रात्रंदिवस लिहिल्या जातात आणि पुसल्याही जातात. ही पुसण्याची क्रिया काय आहे, आणि आपल्याकडे पूर्वीं ती कशी होत असे, तें आज सांगावयाचें आहे.

जुन्या पोथ्यांचा लेखक चुकला म्हणजे पान फाडीत नसे. चुकलेल्या अक्षरावर तो हरताळाचा पिवळा लेप देई आणि त्यावर पुन्हा लिही. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच पडला. आपण तो आतां सर्वनाश या अर्थानें वापरतों. वस्तुतः लेपाखालचें अक्षर बारकाईनें पाहणाराला कित्येकदां दिसतें.

खरा सर्वनाश पाहावयाचा तर १८७५ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं कुणबी शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. इतिहासाचीं पुस्तकें त्यास ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण त्या दंगेखोरांना काय हवें होतें? पैका नव्हे, धान्य नव्हे. त्यांना खतें हवीं होतीं. कर्जरोखे, वह्या आणि कोर्टाचे हुकूमनामे हुडकून काढून त्यांची होळी करावयाची, हाच मुख्य उद्देश होता. जेथें सावकारानें निमूटपणें कागद बाहेर काढून दिले, तेथें बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाहीं. चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनलाही ही गोष्ट मुद्दाम नमूद करावी लागली.

हा राग कागदावर कां निघाला, त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्यें, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागेल त्याला कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि कर्ज तेवढें राहिलें. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षांची केलेली. हेतु असा कीं, व्याजाचा डोंगर वाढूं नये. सावकारानें त्यांतून वाट काढली. दर तीन वर्षांनीं तो नवें खत लिहून घेई, आणि थकलेलें व्याज नव्या खतांत मुद्दल होऊन बसे. जुनें खत शेतकऱ्याला परत मिळेच असें नाहीं. आपण कशावर अंगठा उठविला हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या दृष्टीनें तो कागद हाच शत्रू. एकच प्रत, ती एकाच पेटींत, आणि पेटी गांवांतच. ती जाळली कीं कर्जाचा पुरावा संपला. मी दंग्याचें समर्थन करीत नाहीं. पण त्या शेतकऱ्यांनीं नेमकें मर्म ओळखलें होतें, असें माझें मत आहे.

सरकारनेंही तें ओळखलें. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचा रोखा नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावा असें ठरविलें. आणि रोख्यावरील आंकड्यावरच न थांबतां मूळ देणें किती होतें, तें उकरून पाहण्याचा अधिकार कोर्टाला दिला. म्हणजे कागद जाळून भागेना, आणि नुसता कागद दाखवूनही भागेना.

तेव्हांपासून आपल्या दप्तरांचा कल न पुसण्याकडे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरांत मुलाची जन्मतारीख चुकली तर रबर लावावयाचें नाहीं, खाडाखोड करावयाची नाहीं. चूक वाचतां येईल अशी एक रेघ मारावयाची आणि मुख्याध्यापकानें सही करावयाची. हें आम्हां शिक्षकांना धुळाक्षरांसारखें पाठ असे. जन्ममृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यांतही हेंच तत्त्व आहे. नोंद चुकीची किंवा खोटी ठरली तर ती रद्द करतां येते, पण मूळ नोंदीला धक्का न लावतां, समासांत शेरा लिहून, सही व तारीख घालून. सातबाऱ्याची रीतही अशीच. जमीन हस्तांतरित झाली म्हणजे फेरफार नोंदविला जातो आणि जुन्या खातेदाराच्या नांवाला कंस होतो. नांव तेथेंच राहतें, कंसांत.

या कंसाची किंमत आमच्या भागांतील लोकांना विचारावी. मार्च १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. सातबाऱ्यावर सरकार आलें, शेतकरी कंसांत गेले. पुढें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत गोळीबारांत पांच जणांनीं प्राण गमावले. त्या लढ्याचें फळ म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आतां हा भूखंड कोणाला? ज्याचें नांव संपादनाच्या वेळीं दप्तरांत होतें त्याला, किंवा त्याच्या वारसांना. आजोबांचें कंसांतलें नांव शोधण्यासाठीं नातू तलाठ्याच्या दारीं गेले, तें यासाठीं. तें नांव कोणी साफ खरवडून काढलें असतें, तर त्या घराला भूखंड कशाच्या आधारावर मिळणार होता?

आतां संगणकाकडे येऊं. एका संगणकानें दुसऱ्याकडे मागणी करण्याचा जो ठराविक दरवाजा असतो, त्यास एपीआय म्हणतात. आपल्या हातांतील ॲप त्या दरवाज्यांतून सर्व्हरला निरोप धाडतें. निरोपांचीं क्रियापदें मोजकीं आहेत: नोंद दाखव, नवी घाल, बदल, काढून टाक. या शेवटच्याचें नांव ‘डिलीट’. १९९७ च्या एचटीटीपी नियमावलींत तें दिलेलें आहे, आणि तेथेंच एक प्रामाणिक इशाराही आहे: काम झालें असें उत्तर सर्व्हरनें दिलें, तरी तें खरोखर झालेंच अशी हमी मागणाऱ्यानें धरूं नये. उत्तरेंही मासलेवाईक आहेत. २०४ म्हणजे काम झालें, सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ४०४ म्हणजे सांपडत नाहीं. ४१० म्हणजे येथें होतें, आतां कायमचें गेलें. हा शेवटचा आंकडा मला आपल्या कंसाचा धाकटा भाऊ वाटतो.

व्यवहारांत पहिल्या ‘डिलीट’नें नोंद बहुधा जातच नाहीं. तिच्यावर ‘काढलेली’ अशी खूण होते, ती लोकांच्या नजरेआड होते. हा आमचा हरताळच. कायमची पुसण्यासाठीं वेगळा हुकूम आणि वेगळा अधिकार लागतो, आणि तो दिला कीं परतीची वाट नाहीं. तरीसुद्धां बॅकअपच्या प्रती आपापली मुदत भरेपर्यंत दुसरीकडे राहतातच. सुप्याच्या शेतकऱ्याला एक पेटी फोडून भागलें. येथें पेट्या किती आणि कोठें, हें हुकूम देणाऱ्यालाही पुष्कळदां ठाऊक नसतें.

म्हणूनच पुसून घेण्याचा हक्क कायद्यानें द्यावा लागला. युरोपांत तो मे २०१८ पासून आहे. आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यांत तो आला; नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि बहुतेक तरतुदी अठरा महिन्यांनंतर अंमलांत यावयाच्या, असें त्यांत ठरलें. दुसऱ्या कायद्यानें जपून ठेवावयाच्या नोंदींना हा हक्क लागू नाहीं. तेव्हां जन्माची नोंद किंवा कर्जाची बाकी यांतून पुसून घेतां येईल, अशी आशा कोणीं धरूं नये. मोठ्या खरेदी-विक्रीच्या आणि समाजमाध्यमांच्या कंपन्यांना मात्र, ग्राहक तीन वर्षें फिरकला नाहीं, तर त्याची माहिती पुसावी लागेल. १८५९ च्या कायद्यांतही तीनच वर्षें होतीं! आणि पुसण्यापूर्वीं निदान ४८ तास आधीं त्या ग्राहकाला तसें कळवावें, असेंही नियमांत लिहिलें आहे.