नरखेडची स्मशानभूमी आणि आपले धम्मपूर्वज

नागपूरहून काटोलमार्गे नरखेड तालुक्याकडे जाताना वाटेत जुनापाणीचा परिसर लागतो. येथील शिलावर्तुळे ही लोहयुगीन जनसमूहाची दफनभूमी होय. रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात तिची पाहणी केली. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. लोखंडी वस्तू आणि काळी-तांबडी मृद्भांडी मिळाली. परंतु लेख मिळाला नाही. ही वर्तुळे आपल्या नाग पूर्वजांचीच, असे विधान आपल्याकडे पुष्कळदा केले जाते. ते मनाला भावणारे असले, तरी नावाच्या पुराव्याअभावी अभ्यासकाने ते सिद्ध मानू नये.

नरखेड तालुक्यातील आपल्या वस्त्यांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. गावाबाहेर, नाल्याच्या काठी, काटेरी झुडपांत हरवलेल्या स्मशानभूमीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जाऊन धम्मदीक्षा घेणारी पिढी विसावली आहे. तेथे ना दगड, ना लेख. नावे मात्र अद्याप घराघरांतील वृद्धांच्या मुखी आहेत. ती किती काळ टिकतील? ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच तालुक्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीत माणसांबरोबर स्मृतीही वाहून जातात.

येथे कोणी शंका घेईल की, मृतांच्या जागेचे असे महत्त्व हे पितृपूजेचेच दुसरे रूप नव्हे काय? महापरिनिब्बानसुत्तात याचे उत्तर आहे. तेथे चार व्यक्ती स्तूपास पात्र म्हटल्या आहेत. त्यांत तथागतांचा श्रावकही आहे. स्तूपाचे प्रयोजन मृताची तृप्ती हे नसून पाहणाऱ्याचे चित्त प्रसन्न व्हावे, हे आहे. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले, तेव्हा अस्थींची वाटणी संपली होती. त्यांनी चितेचे निखारे नेले आणि त्यांवर स्तूप उभारला.

महाराष्ट्रातही ही परंपरा दिसते. भाजे येथील स्तूपसमूहात धम्मगिरी, संघदिन आदी स्थविरांची नावे कोरलेली आहेत. कान्हेरीच्या स्मारकस्तूपांच्या अवशेषांतील लेख डॉ. शोभना गोखले यांनी उजेडात आणले. त्या स्थविरांची चरित्रे आज उपलब्ध नाहीत. नाव कोरले गेले, एवढ्यानेच ते इतिहासात राहिले.

आपणही एवढेच करावे. काटोल मार्गावरील चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या. वस्तूंसाठी जी दक्षता घेतली गेली, ती बाबासाहेबांच्या हाकेला ओ देणाऱ्या माणसांसाठीही घेतली जावी. प्रत्येक विहाराने एक नोंदवही ठेवावी. गावातील प्रथम दीक्षितांची नावे, स्त्रियांची नावे विसरू न देता, तीत लिहावीत. स्मशानभूमीची हद्द महसुली अभिलेखात तपासून घ्यावी आणि तेथे नावांची एक साधी शिला उभारावी. तीवर पिंड नको, नैवेद्य नको. वर्षातून एकदा तिच्यापुढे त्रिशरण-पंचशील व्हावे.

जुनापाणीच्या मृतांची नावे आता कोणालाच सांगता येणार नाहीत. नरखेडच्या मृतांची नावे सांगणारे आज आहेत. त्यांना विचारण्याचे काम आपले आहे.