दर्शनी अंगणातील भाजीपाला : अमेरिकेतील हिरवळ-संस्कृतीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
घरच्या भाजीच्या वाफ्यांना मराठीत ‘परसबाग’ म्हणतात. भाजीची जागा घरामागे, हा संकेत त्या शब्दातच आहे. अमेरिकेतील काही उपनगरांत हाच संकेत नियमाने बंधनकारक झाला. घरापुढील जमीन मालकाची, परंतु तिचे रूप इतरांनी ठरवायचे, या विसंगतीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हिरवळीचा उदय :
कापलेल्या गवताची हिरवळ हे मुळात इंग्लंडमधील जमीनदारांचे वैभवचिन्ह होते. पीक न घेता जमीन राखणे श्रीमंतांनाच परवडत असे. १८३० मध्ये एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र शोधले आणि पुढे हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. अमेरिकेत फ्रँक स्कॉट यांनी १८७० च्या ग्रंथात दर्शनी अंगण शेजाऱ्यांच्या दृष्टीस खुले ठेवण्याचा आग्रह धरला. १९४७ पासून उभारलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीत गवत वेळेवर कापणे ही रहिवाशांवरील अटच होती.

युद्धकालीन अपवाद :
टंचाईच्या काळात मात्र शासनानेच हा संकेत बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात ‘विजय-बागां’ना उत्तेजन देण्यात आले. १९४३ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने व्हाइट हाऊसच्या आवारात भाजी लावली गेली. देशातील अशा बागांची संख्या सुमारे दोन कोटी असल्याचा अंदाज केला जातो. युद्ध संपताच शासकीय प्रोत्साहन ओसरले व बहुतेक बागा मागे पडल्या.

अलीकडील संघर्ष :
फ्लोरिडातील मायामी शोअर्स या गावाने २०१३ मध्ये दर्शनी अंगणात भाजी लावण्यास मनाई केली. परसात पुरेसे ऊन नसल्याने एक दांपत्य सुमारे १७ वर्षे घरापुढे भाजी पिकवीत होते. दररोज ५० डॉलर दंडाच्या भीतीने त्यांना ती उपटावी लागली. २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही गावाचा नियम वैध ठरविला. अखेर २०१९ मध्ये राज्याने कायदा करून निवासी जागेतील भाजीपाल्यावर निर्बंध घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार काढून घेतला. खाजगी गृहसंघांचे नियम मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

निष्कर्ष :
युद्धकाळात जी कृती देशभक्ती ठरली, तीच शांततेच्या काळात दंडनीय झाली. भाजी तीच होती. बदलली ती समाजाची गरज. हिरवळीचे सौंदर्य हे निसर्गदत्त मूल्य नसून, सुबत्तेच्या काळातच टिकणारा सामाजिक संकेत आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.