परमचे चार केबी

प्रोग्रॅमला वेळ लागतो म्हणून गाईडकडे नवा डेस्कटॉप मागायच्या विचारात आहात? त्याआधी पुण्यातली एक जुनी गोष्ट ऐका.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून तो बनवला होता. परीक्षेपुरतं आपण एवढंच पाठ करतो. मला मात्र त्या चिपच्या पोटातली मेमरी जास्त महत्त्वाची वाटते.

टी-८०० ट्रान्सप्युटरच्या आत फक्त ४ केबी मेमरी होती. तिथला आकडा एका क्लॉक सायकलमध्ये मिळायचा, बाहेरच्या मेमरीतून आणायला कमीत कमी तीन सायकल लागायच्या. साखर घरातल्या डब्यात असणं आणि त्यासाठी नेऱ्याहून पनवेलच्या बाजारात जाणं, असा हा फरक. शिवाय ही मेमरी कॅशे नव्हती. कॅशेत काय ठेवायचं ते हार्डवेअर बघतं. इथे डबा भरून ठेवायचं काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं.

डेस्कटॉपने दुसरी वाट धरली. १९८९ च्या इंटेल ४८६ मध्ये चिपवरच ८ केबी कॅशे आला. तो किती कामाचा असतो हे १९९८ मध्ये उघड दिसलं. इंटेलने स्वस्तातला सेलेरॉन काढला, त्यात दुसऱ्या पातळीचा कॅशेच नव्हता. लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी ‘३००ए’ आला: क्लॉक तोच ३०० मेगाहर्ट्झ, पण १२८ केबी कॅशे चिपवरच. तो इतका चालला की स्वस्त चिप असूनही हौशी लोक मुद्दाम तीच शोधायचे. फक्त गिगाहर्ट्झ बघून मशीन निवडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता माझीच चूक सांगतो. ४०००×४००० ची मॅट्रिक्स, भाषा सी, आणि मी आतल्या लूपमध्ये स्तंभावरून खाली जात होतो. सी मध्ये मॅट्रिक्स ओळीने साठवली जाते, म्हणजे प्रत्येक पावलाला ३२,००० बाइटची उडी! कॅशे एका वेळी ६४ बाइट, म्हणजे आठ आकडे, उचलून आणतो. मी एक वापरून पुढे जायचो, आणि तिथे परत येईपर्यंत उरलेले सात बहुतेक वेळा बाहेर फेकलेले असायचे. दोन लूपची अदलाबदल केली आणि त्याच जुन्या मशीनवर काम कितीतरी लवकर उरकलं. (फोर्ट्रानवाल्यांनो, तुमच्याकडे हे नेमकं उलटं.)

लिनक्सवर ‘पर्फ’ नावाचं साधन आहे, ते कॅशे किती वेळा चुकला हे मोजून देतं. मागणीपत्र लिहिण्याआधी ते एकदा चालवून बघा.