बूटलोडरमधला नेटवर्क ड्रायव्हर म्हणजे काय? बंद पडलेला राऊटर तो कसा वाचवतो?

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात एखाद्या घरी वायफाय राऊटरचं अपडेट सुरू आहे आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर काय होईल? वीज परत आली तरी राऊटर सुरू होणार नाही, कारण त्यातलं सॉफ्टवेअर अर्धवटच लिहिलं गेलेलं असेल.

अनेक राऊटर अशा अवस्थेतही नेटवर्क केबलमधून नवं सॉफ्टवेअर घेऊ शकतात. पण मुख्य सॉफ्टवेअरच जागेवर नसेल, तर केबलशी बोलतं कोण? हे काम करतो बूटलोडरमधला नेटवर्क ड्रायव्हर.

बूटलोडर म्हणजे काय?

राऊटर, सेट टॉप बॉक्स किंवा कारखान्यातलं कंट्रोलर, वीज मिळताच त्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो रॅम तयार करतो, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये आणतो आणि ताबा तिच्याकडे सोपवतो. हाच बूटलोडर. तो फ्लॅश मेमरीच्या वेगळ्या भागात असतो, म्हणून अपडेट बिघडलं तरी सहसा शाबूत राहतो.

'यू-बूट' हा यातला सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी 'पीपीसीबूट' नावाने हा मुक्त प्रकल्प सुरू केला. २००२ मध्ये त्याचं नाव यू-बूट झालं.

हा ड्रायव्हर वेगळा कसा?

लिनक्समध्ये डेटा आला की नेटवर्क चिप प्रोसेसरला इशारा देते. यू-बूटचा ड्रायव्हर अशा इशाऱ्यावर चालत नाही. पोस्टमन कडी वाजवेल याची वाट न पाहता सतत दारात जाऊन बघावं, तसा तो 'काही आलं का?' हे स्वतःच तपासत राहतो. तेही नेटवर्कची कमांड सुरू असेपर्यंतच. म्हणून यू-बूट नुसता प्रॉम्प्टवर थांबलेला असताना बाहेरून पिंग केलं, तर उत्तर येत नाही. केबल खराब आहे असा समज इथेच होतो.

फाईल आणायला बहुतेकदा टीएफटीपी वापरतात. यात मूळ पद्धतीनुसार ५१२ बाइटचा एक तुकडा येतो, त्याची पोच दिली की पुढचा. म्हणजे ८ एमबीच्या फाईलसाठी असे १६,३८४ तुकडे. एका वेळी एकच तुकडा हाताळायचा असल्याने ड्रायव्हर लहान आणि साधा ठेवता येतो.

ड्रायव्हरमध्ये काय लिहावं लागतं?

मुख्य कामं चार:

• सुरू करणं: चिपला क्लॉक देणं, ती रिसेट करणं, तिला मॅक अॅड्रेस देणं आणि केबलचे सिग्नल सांभाळणाऱ्या 'फाय' चिपशी वेग ठरवणं.
• पाठवणं: डेटा रॅममध्ये ठेवून चिपला त्याचा पत्ता सांगणं.
• घेणं: आलेला डेटा वर देणं आणि ती जागा पुन्हा रिकामी करणं.
• थांबवणं: चिपचं काम पूर्ण बंद करणं.

घोळ होतो तो कॅशेमुळे. नेटवर्क चिप थेट रॅममधून वाचते, पण प्रोसेसरने लिहिलेला डेटा कधी कधी त्याच्या कॅशेतच असतो. अशा वेळी चिप जुनाच मजकूर पाठवते. म्हणून पाठवण्याआधी कॅशेतला डेटा रॅममध्ये उतरवावा लागतो आणि आलेला डेटा वाचण्याआधी कॅशेतली जुनी प्रत रद्द करावी लागते.

'थांबवणं' इतकं महत्त्वाचं का?

चिप बंद न करता लिनक्सकडे ताबा दिला, तर ती आलेला डेटा रॅममधल्या जुन्या पत्त्यावर लिहीतच राहते. त्या जागी आता लिनक्सचा डेटा असू शकतो. मग यंत्र कधी सुरू होतं, कधी अडकतं. दोष ड्रायव्हरचा असतो आणि शोध लिनक्समध्ये सुरू राहतो. पिंग चाललं, फाईल आली, म्हणून ड्रायव्हर पूर्ण झाला असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

मराठी नाव असलेला ड्रायव्हर

पुण्यातही केंद्र असलेल्या मार्वेल कंपनीने २००९ मध्ये 'शीवाप्लग' आणला. ९९ डॉलरचा हा छोटा संगणक भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसायचा. त्यात १.२ गिगाहर्ट्‌झचा 'कर्कवूड' प्रोसेसर आणि गिगाबिट इथरनेट होतं. यू-बूटमधल्या कर्कवूडच्या इथरनेट ड्रायव्हरवर मार्वेलचं नाव, २००९ हे साल आणि लेखक म्हणून प्रफुल्ल वाडस्कर यांचं नाव आहे. यू-बूटमधल्या मार्वेल विभागाची देखभालही त्यांच्याकडे होती.

ड्रायव्हर सहसा कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाहीत. याही फाईलमध्ये २००२ आणि २००३ सालच्या जुन्या कामाची नोंद आहे. पुढे हाच ड्रायव्हर मार्वेलच्या इतर चिपसाठीही वापरता यावा म्हणून त्याचं नाव बदलण्यात आलं.

धोका कुठे आहे?

टीएफटीपीला पासवर्ड नसतो आणि डेटा एन्क्रिप्टही होत नाही. फाईल खरी आहे की नाही, हे ड्रायव्हर तपासत नाही. त्यासाठी बूटलोडरमध्ये डिजिटल सहीची तपासणी वेगळी सुरू करावी लागते.

त्यामुळे राऊटर वाचवायची वेळ आली, तर उत्पादकाच्या वेबसाइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची आणि हार्डवेअर आवृत्तीची फाईल घ्यावी. आणि ती चढवताना राऊटर शक्यतो इन्व्हर्टरवर ठेवावा.