इंग्रज बघायला गड चढलेला म्हातारा

इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून परदेशात गेलेली मुलं परत आली, की आधी तिथल्या जेवणाचे किस्से सांगतात. आज ऐकूया उलटा किस्सा. आपल्या पाचाडला आलेल्या इंग्रजांचा.

मे १६७४. मुंबईहून कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडला पोचला. शिवाजी महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून तो गडाखालीच थांबला. इथे त्याची इंग्रजी काय कामाची? सगळी भिस्त दुभाषी नारायण शेणवींवर. ६ जूनला राज्याभिषेकाच्या दरबारात इंग्रजांनी लांबूनच मुजरा केला. नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून महाराजांना दाखवली, तीही शेणवींनीच.

आता जेवण. गडावर मिळायची खिचडी आणि तूप. इंग्रजांना मांसाशिवाय चैन पडेना, मग रोज अर्ध्या बकऱ्याची सोय झाली. पुढचा किस्सा डॉक्टर जॉन फ्रायरच्या १६९८ साली लंडनला छापलेल्या प्रवासवर्णनात आहे. मांस पुरवणारा खाटीक म्हातारा होता. इतकं मांस खाणारी माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो एवढा रायगड चढून आला!

मला हा म्हातारा फार आवडतो. इंग्रजांनी आपल्याला कसं पाहिलं, ते कागदावर उतरलं. त्याने इंग्रजांना पाहिलं आणि खाली जाऊन काय सांगितलं, ते कुणी लिहिलं नाही. फ्रायरने तर त्याचं नावही दिलेलं नाही.

परक्या गावी शिकवायला जाल, तेव्हा तुम्हाला बघायला आलेल्या माणसाचं नाव तेवढं विचारून घ्या.